टोपी ज्याच्या हातात

"आठ वर्षं झाली, अजून समसात बटाटाच. मटणाचं नाव नाही."

"हळू बोल, एजे इथेच असेल कुठेतरी."

"असू दे की. आणि आज तर कमीच आणल्यात. माणशी दुसरी येईलसं वाटत नाही."

एजे, म्हणजे थोरली ताई, म्हणजेच बुरुल, इथेच होती. चहाच्या टेबलाखाली, गुडघ्यांवर, तोंडात चिकटपट्टीचं टोक धरून. प्रोजेक्टरची केबल जमिनीला चिकटवायची होती, कारण मागच्या बुधवारी तिच्यात पाय अडकून एक होतकरू मुलगा आपल्या लॅपटॉपसकट आणि स्वप्नांसकट आडवा झाला होता. टेबलावरची चादर खालपर्यंत लोंबत होती, त्यामुळे बुरुलला फक्त बूट दिसत होते. आठ वर्षांत ती बुटांवरूनही माणसं ओळखायला लागली होती. टाच झिजलेले तपकिरी बूट मेदेरचे. मेदेर सामायिक टॅक्सीचं अ‍ॅप चालवायचा, आणि ते चालत नव्हतं तेव्हा तीन महिने याच हॉलच्या सोफ्यावर झोपायचा, सकाळी तिच्या घरून आलेली लापशी खायचा. तेव्हा त्याने लापशीत काय आहे नि काय नाही ते कधी विचारलं नव्हतं. पांढरे बूट कोणा नव्याचे होते.

"आज टोपी फिरणार नाही म्हणे," पांढरे बूट म्हणाले.

"नाही. एलामानने सांगून ठेवलंय. परदेशी पाहुण्यासमोर खोट काढत बसायचं नाही."

"मग आपण काय करायचं?"

"टाळ्या वाजवायच्या. येतात ना?"

"आणि ते तळघरातलं?"

तपकिरी बुटांतला एक बूट दुसऱ्यावर चढला आणि खाली उतरला.

"कुठलं तळघर?" मेदेर म्हणाला.

बुरुलने चिकटपट्टी दातांनी तोडली, गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात. मग चादर बाजूला सारून ती बाहेर आली, गुडघे झटकले आणि उभी राहिली. मेदेरच्या हातातली, भाजलेल्या सामोशासारखी समसा तोंडाच्या वाटेवर थांबली.

"एजे! मी याला तेच सांगत होतो, बटाट्याची चव काही औरच..."

"ऐकलं मी, काय सांगत होतास ते. सगळंच ऐकलं."

मेदेर छताकडे बघायला लागला. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं, जुनी पंख्याची हुकं तेवढी होती. तो काहीतरी बोलेल म्हणून बुरुल थांबली. त्याने समसा तोंडात घातली.

ही हुकं बुरुल एकोणिसाव्या वर्षापासून पाहत होती. बिश्केकमधला हा शिवणकारखाना चालू होता तेव्हा ती इथेच, खिडकीपासून तिसऱ्या टेबलावर कापड बेतायची. कारखाना बंद पडला. नवरा कामासाठी रशियात गेला आणि तिकडेच रमला. बुरुलने बाजारात रद्दीत पडलेलं एक रशियन पुस्तक उचललं, संगणकाला कामाला कसं लावायचं याचं. त्याची पहिली चाळीस पानं फाटलेली होती, त्यामुळे सुरुवात कशी करायची ते तिला आजतागायत कळलेलं नाही. ती एकदम मधूनच शिकली. पण शिकली, आणि कापडावर तुकडे असे मांडून देणारा एक प्रोग्राम लिहिला की चिंध्या निम्म्या पडाव्यात. शहरातले बरेच शिवणकारखाने अजून तोच वापरतात. मग लोक विचारायला येऊ लागले. बुधवारी या, असं ती सांगायची. पहिल्या बुधवारी पाचजण आणि एक किटली होती. आता सत्तर-ऐंशी माणसं येतात, त्यांतली निम्मी स्वतःला संस्थापक म्हणवतात आणि उरलेली त्यांच्याकडे काम मागायला येतात, पण बैठकीचं नाव अजून नुसतं 'बुधवार'च आहे.

बुधवारचा नियम एकच, आणि तो बुरुलने घरातून आणलेला. घरात नवी सून आली, पाळण्यात बाळ आलं, अंगणात नवी गाडी उभी राहिली, की पहिल्यांदा बघणाऱ्याने हातावर काहीतरी ठेवायचं. फुकट बघायचं नाही. त्याला कोरुमदुक म्हणतात. बुधवारी कोणी आपली नवी वस्तू पहिल्यांदा दाखवली की बघणाऱ्याने कोरुमदुक म्हणून एक खोट द्यायची. खरी, तोंडावर, एकच. तिच्या वडिलांची पांढरी नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची टोपी, काळ्या काठाची, हातोहात फिरायची. टोपी ज्याच्या हातात त्याने बोलायचं, आणि बोलल्याशिवाय ती पुढे द्यायची नाही. या टोपीने माणसं रडवली होती. एकाने तर रागाच्या भरात आपलं अ‍ॅप तिथल्या तिथे पुसून टाकलं आणि महिन्याभराने त्याहून चांगलं घेऊन आला. बुरुलला या शहरात जर कशाचा अभिमान असेल, तर त्या टोपीचा होता.

आज टोपी खिळ्यावर होती. आणि भिंतीवर तिच्या शेजारी दोन माणसांच्या उंचीचा एक निळा फलक लागला होता: 'ताय-एने. प्रत्येक गावात आजी.'

*

एलामान सात वर्षांपूर्वी चोवीसचा होता. बुधवार सुरू झाल्यावर दुसऱ्याच वर्षी तो तडा गेलेल्या स्क्रीनचा लॅपटॉप घेऊन आला, आणि काय बोलला काय बोलला! बुरुलच्या हातात टोपी आली तेव्हा ती म्हणाली होती, "तू बोलतोस फार छान. हीच याची खोट." सगळे हसले, तोही हसला. आता त्याच्याकडे चांगला कोट आहे, आणि बोलणं अजून छान झालंय. गेल्या हिवाळ्यापासून हा हॉल गरम ठेवण्याचं त्याच्याच कंपनीने अंगावर घेतलं. बुरुल हे विसरलेली नव्हती. विसरू द्यायला तोही तयार नव्हता.

'ताय-एने' म्हणजे आईची आई. डोंगरातल्या गावातल्या गरोदर बाईने फोनवर आपल्या भाषेत विचारायचं, आणि यंत्राने आजीच्या मायेने, डॉक्टरच्या शहाणपणाने उत्तर द्यायचं. निदान फलकावर तसं लिहिलं होतं.

साडेपाच महिन्यांपूर्वी एलामान म्हणाला, "एजे, यंत्राला शिकवायला मुली हव्यात. तुमच्या हाताखालच्या, नीट लिहिणाऱ्या." बुधवारी खुर्च्या मांडणाऱ्या, नावं टिपणाऱ्या, फुकटात राबणाऱ्या मुली बुरुलकडे होत्याच. तिने एकेकीला बसवून विचारलं, आणि सोळाजणी निवडून पाठवल्या. कामाची जागा लांब नव्हती. याच इमारतीचं तळघर, जिथे पूर्वी कापडाचे तागे ठेवायचे.

सहा आठवड्यांनी बेगिमाय वर आली. बावीस वर्षांची, भाषेची पदवी घेतलेली, नखं कुरतडायची सवय. म्हणाली, "एजे, आम्ही यंत्राला शिकवत नाही. यंत्रच नाही. बायका विचारतात, आम्ही उत्तर टाइप करतो. समोर एक छापील यादी असते, त्यात बघून."

बुरुलने त्याच दिवशी एलामानला गाठलं. तो दचकलासुद्धा नाही. "सगळे असंच सुरू करतात, एजे. यंत्र तयार होईपर्यंत. वसंतापर्यंत." आणि बुरुलने... बुरुलने काय केलं? तिने पुढच्या बुधवारपासून समसांचा एक मोठा ट्रे तळघरात पाठवायला सुरुवात केली. पोरी उपाशी बसतात, म्हणून. मग वर कमी पडायला लागल्या.

सगळ्यांना माहीत होतं. माइक सांभाळणाऱ्या तिलेकच्या बायकोने तळघरात पंधरा दिवस काढले होते. मेदेरची बहीण अजून तिथेच होती. पण एलामान हा बुधवारातून वर गेलेला पहिला माणूस. त्याच्यामागे परदेशी गुंतवणूकदार आले, तर उद्या ते आपलंही दार वाजवतील, असं प्रत्येकाच्या मनात. तळघर हा शब्दच हॉलमध्ये कोणी काढत नव्हतं. जिन्याने उतरायचं झालं तर लोक म्हणायचे, 'खाली'.

*

स्वयंपाकघर म्हणजे जुनी इस्त्रीची खोली. बेगिमाय तिथे चहाचे वाडगे पुसत उभी होती. एकच वाडगा ती पुसत राहिली होती.

"तू वर कशी? आज खाली काम नाही?"

"मी सोडलं, एजे. काल."

"बरं केलंस," बुरुल म्हणाली आणि किटलीचं झाकण उघडून आत बघितलं. पाणी उकळलेलं होतं, ते तिला वाफेवरूनच कळलं होतं.

"परवा एका बाईचा निरोप आला," बेगिमाय वाडग्याकडे बघत म्हणाली. "सातवा महिना. डोकं फुटतंय, हात-तोंड सुजलंय, डोळ्यांपुढे काळे ठिपके येतात. मी यादी बघितली. डोकेदुखीपुढे लिहिलं होतं, विश्रांती घ्या, पाणी प्या. मी लिहिलं तसं. शेवटी 'लाडके' घालायचं असतं. तेही घातलं."

बुरुलने झाकण तसंच हातात धरलं. गरम होतं.

"रात्री मावशीकडे गेले. ती सुईण आहे. सहज बोलता बोलता सांगितलं, तर ती ताटावरून उठली. माझ्या अंगावर ओरडली, मूर्ख मुली, असली बाई तासाभरात हातची जाते, पोरासकट! मी त्या नंबरवर पहाटेपर्यंत फोन लावत राहिले. सकाळी नवऱ्याने उचलला."

"आणि?"

"वाचली. सासूमुळे. सासू म्हणाली म्हणे, फोनला काय कळतंय, आणि शेजाऱ्याची गाडी काढायला लावली. घाट ओलांडून दवाखान्यात नेलं. दोघं जिवंत आहेत." आता कुठे बेगिमायने मान वर केली. "एजे, तिच्या सासूचा फोनवर विश्वास नव्हता म्हणून ती वाचली. सोमवारपासून हे चार जिल्ह्यांत जाणार आहे. जिथे नर्सची जागा रिकामी आहे, तिथे नर्सच्या ऐवजी. तिथे 'आता नर्स आली' म्हणून सगळे विश्वास ठेवतील. सासवासुद्धा."

बुरुलला काही सुचेना, तेव्हा तिला राग आला. तिला नेहमी असाच यायचा, आधी चुकीच्या माणसावर.

"मग हे मला आत्ता सांगतेस? लोक येऊन बसलेत तेव्हा?"

"चार महिन्यांपूर्वी सांगितलं होतं," बेगिमाय म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. "माझी कागदावर सही आहे, बाहेर बोलणार नाही म्हणून. तुमची नाही. तुम्ही बोला."

"कार्यक्रम होऊ दे," बुरुल म्हणाली. म्हणता म्हणता तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, आणि तो हुबेहूब मेदेरसारखा होता.

दारात एलामान उभा राहिला. अत्तराचा वास आधी आत आला. बेगिमायला बघून त्याने क्षणभर नजर वळवली. ती वाडग्यांचा ट्रे उचलून त्याच्या बाजूने बाहेर गेली.

"एजे, आज टोपी नको हं. परदेशी पाहुण्यांना, कार्स्टनना, आपली गंमत कळायची नाही. त्यांना वाटेल भांडतोय आपण."

"भांडणच असतं ते."

"तुमचं आपलं काहीतरीच." तो हसला. मग त्याने दार लोटलं. "तिने सांगितलं ना तुम्हाला? मलाही कळलंय. मी झोपलो नाही रात्रभर, खरं सांगतो. पण आज कार्स्टननी करारावर सही केली तर त्याच पैशांतून खरं यंत्र होणार आहे. खऱ्या डॉक्टर बसवीन मी तळघरात. दोन महिने द्या मला."

"आणि त्या दोन महिन्यांत ज्या विचारतील त्या?"

"त्या आज कोणाला विचारतात, एजे? भिंतीला? तिथे नर्स सहा वर्षं नाही. कोणी बोललं तुमच्यापैकी सहा वर्षांत? मी निदान काहीतरी केलं."

यावर बुरुलकडे उत्तर होतं, पण ते तासाभराने जिन्यात सुचणाऱ्यांपैकी. भिंतीला विचारणारी बाई निदान गाडी तरी शोधते. भिंत तिला 'लाडके' म्हणून झोपवत नाही. पण हे तिला सुचेपर्यंत तो गेला होता, आणि जाता जाता तिच्या खांद्यावर हात ठेवून गेला होता, घरच्या बाईच्या खांद्यावर ठेवतात तसा. तो हात तिला पुढे कितीतरी वेळ तिथेच आहे असं वाटत राहिलं.

*

सहा वाजता हॉल भरला. पहिल्या रांगेत आरोग्य खात्याचे साहेब बसले, त्यांच्या शेजारी पाहुणे कार्स्टन, उंच, पोक काढलेले, गुडघे कुठे ठेवावेत ते न कळलेले. त्यांच्या कानाशी तिलेक, दुभाष्या म्हणून. तिलेक गमत्या माणूस होता, आणि भाषांतर तो चहा करावा तसं करायचा, साखर आपल्या अंदाजाने घालून. साहेब दहा मिनिटं देशाच्या भविष्याबद्दल बोलले. तिलेकने पाहुण्यांना एक वाक्य सांगितलं. पाहुण्यांनी मान हलवली.

मग एलामान उभा राहिला आणि छान बोलला. त्याने आपल्या आजीची गोष्ट सांगितली, जी खरी होती. लोकांचे डोळे पाणावले. बुरुल मागे, खिडकीपासून तिसऱ्या टेबलाची जागा होती तिथे, भिंतीला टेकून उभी होती, आणि तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. कारण तिचेही डोळे पाणावले होते.

"आता विचारा," एलामान साहेबांना म्हणाला. "काहीही. आत्ताच्या आत्ता."

साहेब लाजले, मग फोनमध्ये म्हणाले, "नववा महिना आहे. कंबर दुखते. काय करू?"

हॉलमध्ये हशा उसळला. पडद्यावर तीन ठिपके उडायला लागले. आजी विचार करत होती. एलामान मध्येच लाखो शब्दांबद्दल, शिकणाऱ्या यंत्राबद्दल बोलत राहिला. मुलींना किती वेळ लागतो त्याचा त्याला नेमका अंदाज होता. बुरुलला पायाखालची फरशी काचेची झाल्यासारखी वाटली. त्या फरशीखाली, दोन मजले खाली, कोणीतरी हातातली समसा ट्रेमध्ये परत ठेवली असेल, तेलकट बोटं ओढणीला पुसली असतील, यादीत 'कंबर' शोधली असेल. बुरुलने पाठवलेली समसा. बुरुलने पाठवलेली बोटं.

'डाव्या कुशीवर झोपा, पायांत उशी घ्या, लाडके,' पडद्यावर उमटलं.

टाळ्या. साहेबांनी स्वतःची कंबर चाचपून दाखवली, पुन्हा टाळ्या. मेदेर उभा राहून वाजवत होता. बुरुल त्याच्या तपकिरी बुटांकडे बघत होती. याची बहीण खाली आहे, आणि हा तिच्याच बोटांना टाळ्या वाजवतोय, माणूस म्हणून नाही, यंत्र म्हणून.

टेबलावर कागद मांडले गेले. पेन आलं. तेवढ्यात पाहुणे कार्स्टन तिलेकच्या कानात काहीतरी बोलले. तिलेकचा चेहरा पडला.

"काय म्हणतात?" साहेबांनी विचारलं.

"म्हणतात... चहा चांगला आहे."

पण पाहुण्यांनी लांब हात करून भिंतीकडे बोट दाखवलं. खिळ्यावरच्या टोपीकडे. त्याला भाषांतर लागत नव्हतं.

"त्यांनी कुठेतरी वाचलंय," तिलेक कसनुसा हसत म्हणाला. "आपल्याकडे टोपी फिरते म्हणून. त्यांना ती बघायचीच आहे. म्हणतात, त्यासाठीच मी विमानात बसलो."

एलामानचं हसू जागच्या जागी राहिलं. एवढं त्याला जमत होतं. "जरूर! आपली परंपरा आहे ही," तो म्हणाला, आणि स्वतः जाऊन टोपी काढली, पण ती बुरुलला न देता पहिल्या रांगेतून सुरू केली.

टोपी साहेबांच्या मांडीवर आली. "खोट म्हणाल तर एकच," साहेब म्हणाले. "हे दहा वर्षं आधी यायला हवं होतं." टाळ्या. पुढे एक बाई म्हणाली, निळा रंग जरा थंड वाटतो. एकजण म्हणाला, अक्षरं म्हाताऱ्यांसाठी मोठी हवीत. मेदेरने टोपी दोन्ही हातांत धरली. बुरुलने त्याच्याकडे टक लावून बघितलं. बोल. तुझी बहीण आहे. बोल रे.

"नाव लांब आहे," मेदेर म्हणाला. "नुसतं 'एने' चाललं असतं."

पांढऱ्या बुटांचा मुलगा काही बोलायला गेला, मेदेरने त्याच्या बुटावर बूट ठेवला, आणि तो म्हणाला, "मलाही नावच."

बुरुलच्या वडिलांची टोपी रांगारांगांतून येत होती, आणि प्रत्येक हातात थोडी थोडी मळत होती. मेंढरं राखणारा माणूस, तिचा बाप. जनावर विकताना गिऱ्हाईकाने विचारायच्या आधी दोष सांगायचा, याचा एक पाय लंगडतो, बघून घे. बाजारात लोक त्याला हसायचे. बुरुल लहानपणी लाजायची त्याच्यामुळे. आता तिला लाज वाटत होती ती वेगळीच. ही ऐंशी माणसं तिने घडवली होती. खोट सांगायला तिने शिकवलं होतं त्यांना, आणि खोट सांगायची वेळ आली तेव्हा सगळे रंगाबद्दल बोलत होते. मूग गिळून बसले असते तरी परवडलं असतं; हे तर खोटी खोट काढत होते. एवढ्या सगळ्यांना गप्प राहायला शिकवणारी बाई कोण, हा प्रश्न तिच्या मनात आला आणि गेला नाही.

मधल्या वाटेने बेगिमाय चहा घेऊन चालली होती. शेवटच्या खुर्चीवरल्या माणसाने, हात रिकामा करायच्या घाईत, टोपी तिच्या ट्रेवर ठेवली.

"अरे, तिला कशाला," एलामान लगेच म्हणाला. "ती वाढतेय. पुढे घ्या."

बेगिमायने ट्रे खाली ठेवला आणि टोपी उचलली. केबलवरची चिकटपट्टी कोणाच्या तरी पायाखाली चुरचुरली ती सगळ्या हॉलला ऐकू आली. सगळ्यांना ती माहीत होती. ती कुठून आलीय तेही.

"माझी..." ती म्हणाली. "माझी सही आहे. मला बोलता येत नाही."

पाहुणे तिलेककडे वळले. तिलेकने एकदा एलामानकडे बघितलं, एकदा जमिनीकडे, आणि पाहुण्यांना सांगितलं. बुरुलला परक्या भाषा फारशा येत नव्हत्या, पण यातले शब्द दर बुधवारी कानावर पडायचे. तिलेक म्हणाला होता: ती म्हणते, फारच सुंदर आहे.

पाहुणे बेगिमायकडे बघून हसले आणि त्यांनी छातीवर हात ठेवला. बेगिमाय तशीच उभी राहिली, टोपी पोटाशी धरून. तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं. बावीस वर्षांच्या मुलीने असं बघू नये, तसं ती बुरुलकडे बघत होती. वाट बघत नव्हती. वाट बघून झाली होती.

बुरुल भिंतीपासून सुटली. वाटेत कोणाचा तरी चहाचा वाडगा लवंडला, तिने बघितलं नाही. तिने बेगिमायच्या हातातून टोपी घेतली. नमदा तिच्या बोटांनी उबदार झाला होता.

"एजे," एलामान हळूच म्हणाला. "एजे, ऐका ना. हॉल..."

"हॉल थंड राहिला तर कोट घालून बसू. बस खाली."

"आपण नंतर..."

"टोपी माझ्या हातात आहे, एलामान."

तो बसला. सात वर्षांपूर्वी बसायचा तसा, एकदम, खुर्चीच्या कडेवर.

"तिलेक," ती म्हणाली, "आता मी बोलेन ते पाहुण्यांना जसंच्या तसं सांगायचं. साखर नको. तुला जमत नसेल तर आत्ताच सांग, मी हातवारे करून सांगेन. पण सांगेन."

तिलेकने माइक तोंडाजवळ नेला. त्याने मान हलवली.

बुरुलने टोपीवरचा काळा काठ अंगठ्याने साफ केला. तिला वाटलं होतं आवाज चढेल, शिव्या येतील, मेदेरचं नाव येईल. आतमध्ये सगळं तयार होतं, चार महिन्यांचं. पण टोपीचा नियम तिनेच केला होता: एकच खोट, खरी, आणि तोंडावर.

"यात यंत्र नाही," ती म्हणाली. "खाली तळघरात सोळा मुली यादीत बघून उत्तरं लिहितात, त्यांतल्या एकीनेही कधी गरोदर बाई तपासलेली नाही, परवा त्यामुळे एक बाई मरता मरता वाचली. आणि त्या सोळाही मुली मी निवडून पाठवल्या, मला चार महिने माहीत होतं, आणि मी त्यांना फक्त समसा पाठवत राहिले."